इसाराचे पैसे कोणाचे? अडलेल्या घरखरेदीचा दीड हजार वर्षांचा इतिहास (थ्रेड)

१/
घर पसंत पडते, भाव ठरतो, साक्षीदारांसमोर इसाराची रक्कम हातावर ठेवली जाते. खरेदीखताची तारीख मुक्रर होते. ती तारीख येते आणि उलटून जाते. कधी घेणाऱ्याचे कर्ज मंजूर झालेले नसते, तर कधी देणाऱ्याच्या कागदांवर चुलतभावाची सही राहिलेली असते. व्यवहार मोडतो आणि मागे एकच प्रश्न उरतो : इसाराचे पैसे आता कोणाचे? या प्रश्नाला रोम, कल्याणी, लंडन, मुंबई, गोवा आणि दिल्ली येथे वेगवेगळी उत्तरे मिळाली. त्या उत्तरांचा हा इतिहास.

२/
आरंभ शब्दांपासून करू. इसार, विसार, बयाणा ही एकाच गोष्टीची नावे. 'बयाणा' हा शब्द विक्री या अर्थाच्या अरबी 'बै'पासून आला. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात मात्र इसारपत्राला 'संचकारपत्र' म्हणण्याचीही रीत आहे. हा 'संचकार' म्हणजे संस्कृत 'सत्यंकार'. तोंडाने बोललेला करार सत्य करण्यासाठी हातावर ठेवलेली वस्तू, असा त्याचा अर्थ. धर्मशास्त्रातील एक संज्ञा अशा रीतीने आजच्या दस्तऐवजांत टिकून राहिली आहे.

३/
याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात सत्यंकाराचा नियम अगदी थोडक्यात येतो : सत्यंकार म्हणून दिलेले द्रव्य दुप्पट करून परत द्यावे. पण कोणी द्यावे आणि केव्हा? याचा उलगडा विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' या टीकेत केला. तो कल्याणीच्या चालुक्य दरबारातला, सहाव्या विक्रमादित्याच्या काळातला (१०७६–११२६). ही कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे गाव.

४/
विज्ञानेश्वराने उदाहरण घेतले ते अंगठीचे. खरेदीविक्रीचा ठराव पाळला जावा म्हणून एकाने दुसऱ्याच्या हाती अंगठी दिली. पुढे अंगठी देणाराच ठरावातून फिरला, तर त्याने अंगठीवर पाणी सोडावे. अंगठी घेणारा फिरला, तर त्याने तिच्या दुप्पट परत करावे. नियमाला दोन धारा आहेत आणि दोन्ही सारख्याच तीक्ष्ण आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवावी. यापुढची सारी कथा त्यातली एक धार कशी बोथट झाली आणि पुन्हा कशी लावली गेली, याचीच आहे.

५/
विलंबाचे काय? प्राचीन धर्मशास्त्राने वादांचे अठरा प्रकार मानले. नारदस्मृतीत त्यांपैकी एकाचे नाव 'विक्रीयासंप्रदान' असे आहे. विकून, पैसे घेऊनही वस्तू ताब्यात न देणे, हा तो वाद. अशा विक्रेत्याने स्थावराच्या बाबतीत खरेदीदाराचे नुकसान भरून द्यावे, असे नारद सांगतो. उशिरा मिळालेल्या घराची भरपाई ही कल्पना आधुनिक बांधकाम व्यवसायाबरोबर जन्मलेली नाही, हे यावरून दिसेल.

६/
आता पश्चिमेकडे वळू. पूर्व रोमन सम्राट जस्टिनियन याने ५२८ साली एक आज्ञा काढली आणि ५३३ साली प्रसिद्ध झालेल्या 'इन्स्टिट्यूट्स' या विधिग्रंथात तोच नियम समाविष्ट झाला. इसाराला लॅटिनमध्ये 'आर्रा' म्हणत. खरेदीदार मागे हटला तर त्याने आर्रा गमवावी, विक्रेता मागे हटला तर त्याने ती दुप्पट परत करावी. कल्याणीची अंगठी आणि कॉन्स्टँटिनोपलची आर्रा यांचा न्याय असा एकच निघतो. दोघांनी तो एकमेकांकडून घेतला, असे मानण्याची गरज नाही. बाजारातला अनुभव दोन्हीकडे सारखाच होता.

७/
'आर्रा' हा शब्द मुळात लॅटिन नव्हे. हिब्रूतील 'एराव्होन' म्हणजे गहाण किंवा तारण. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात यहुदा तामारेला आपली मुद्रा, दोरी आणि काठी याच नावाने देतो. हा सेमिटिक शब्द ग्रीकमध्ये 'अर्राबोन' झाला, रोममध्ये 'आर्रा' झाला आणि फ्रेंचमध्ये 'आर्ऱ' होऊन १८०४ च्या फ्रेंच दिवाणी संहितेत, दुपटीच्या नियमासह, जाऊन बसला. अरबीत त्याचेच भावंड 'उर्बून' या रूपात नांदत राहिले.

८/
उर्बूनच्या चर्चेत एका घराच्या खरेदीची कथा नेहमी येते. खलिफा उमर (कारकीर्द ६३४–६४४) याचा मक्केतील अधिकारी नाफी याने सफवान इब्न उमय्या याचे घर तुरुंगासाठी विकत घेतले. अट अशी, की उमरने मान्यता दिली तर विक्री पक्की, नाही दिली तर सफवानला ठरलेली रक्कम मिळावी. या आधारे हंबली पंथाच्या विधिज्ञांनी इसार वैध मानला. हनफी, मालिकी आणि शाफी पंथांच्या बहुसंख्य विधिज्ञांनी तो अमान्य केला. त्यांचा आक्षेप असा : मोबदल्यात काहीही न देता दुसऱ्याचा पैसा खिशात घालणे न्याय्य कसे? हा आक्षेप पुढे दिल्लीत, निराळ्या भाषेत, पुन्हा भेटणार आहे.

९/
मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सौदा पक्का करण्यासाठी एक नाणे देत. त्याला 'देवाचा पैसा' म्हणत. पहिल्या एडवर्डने १३०३ साली परदेशी व्यापाऱ्यांना दिलेल्या सनदेत, हा पैसा दिलाघेतला गेला की करार मोडता येणार नाही, असे म्हटले आहे. तेराव्या शतकातील ब्रॅक्टनच्या विधिग्रंथात तर रोमन नियम जसाच्या तसा आढळतो : घेणारा चुकला तर इसार गेला, देणारा चुकला तर दुप्पट. पुढच्या शतकांत मात्र इंग्लिश कायद्याने यातला पहिला भाग ठेवला आणि दुसरा सोडून दिला.

१०/
हा बदल स्पष्ट दिसतो तो १८८४ च्या 'हाऊ विरुद्ध स्मिथ' या खटल्यात. मार्च १८८१ मध्ये १२,५०० पौंडांना एका मालमत्तेचा सौदा झाला, ५०० पौंड अनामत दिली गेली आणि महिन्याभरात व्यवहार पुरा करायचे ठरले. खरेदीदार दिवस ढकलत राहिला. अखेर विक्रेत्याने मालमत्ता दुसऱ्याला विकली. अनामत जप्त करण्याचे कलम करारात नव्हते, तरीही अपील न्यायालयाने ती विक्रेत्याला ठेवू दिली. न्यायमूर्ती फ्राय यांनी रोमपासूनचा इतिहास धुंडाळून सांगितले, की अनामत ही किमतीचा भाग आहेच, शिवाय ती वचनपूर्तीची हमीही आहे.

११/
आणि विक्रेता चुकला तर? दुप्पट सोडाच. 'बेन विरुद्ध फॉदरगिल' या १८७४ च्या खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने जुनाच नियम कायम केला. मालकी हक्कातील दोषामुळे विक्रेत्याला खरेदीखत करून देता आले नाही, तर खरेदीदाराला अनामत आणि झालेला खर्च मिळेल. दरम्यान घराचे भाव चढले असले तरी त्या नुकसानीची भरपाई मिळणार नाही. हा नियम इंग्लंडमध्ये थेट १९८९ साली रद्द झाला. घेणाऱ्याच्या अंगावरची धार तशीच राहिली आणि देणाऱ्याच्या अंगावरची शंभराहून अधिक वर्षे बोथट होती.

१२/
याच काळात हिंदुस्थानासाठी कायदे लिहिले जात होते. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ ने इंग्लिश कायद्यातील एक जुनी गुंतागुंत तोडली : करारात दंडाची रक्कम कितीही लिहा, मिळेल ती 'वाजवी भरपाई', आणि तीही लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ ने खरेदीदाराला आणखी एक शस्त्र दिले. त्याने ताबा घेण्यास अनुचितपणे नकार दिला नसेल, तर त्याने आगाऊ दिलेल्या किमतीचा बोजा व्याजासह त्या मालमत्तेवरच चढतो. इसाराच्या रकमेलाही तोच आधार मिळतो.

१३/
या बोजाचे महत्त्व मोठे आहे. बोजा नसता, तर पैसे घेतलेल्या माणसाच्या मागे धावण्याखेरीज खरेदीदाराच्या हाती काही उरले नसते. बोजामुळे त्याची मागणी त्या घराला जाऊन चिकटते. मुंबई उच्च न्यायालयानेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक निराळी वाट धरली. हिंदुस्थानच्या करार कायद्यात स्थावरासाठी वेगळा अपवाद नाही, तेव्हा फॉदरगिलचा नियम येथे चालणार नाही, असे त्याने ठरवले. हक्क सिद्ध न करू शकणारा विक्रेता मुंबईत लंडनइतका सुरक्षित राहिला नाही.

१४/
उशीर झाला म्हणजे करार मेला काय? याचे उत्तरही मुंबईतूनच निघाले. 'जमशेद खोदाराम इराणी विरुद्ध बर्जोरजी धनजीभाई' या मुंबईच्या जमिनीसंबंधीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९१५ साली निर्णय दिला. करारात दोन महिन्यांची मुदत होती, ती उलटताच विक्रेत्याने करार संपल्याचे सांगितले होते. लॉर्ड हाल्डेन यांनी नियम घालून दिला : जमिनीच्या व्यवहारात तारीख लिहिली, एवढ्याने ती कराराचा प्राण ठरत नाही. पक्षांना खरोखर तसेच हवे होते, हे शब्दांतून वा परिस्थितीतून स्वच्छ दिसले पाहिजे. थोडासा उशीर हे इसार गिळण्याचे निमित्त होऊ नये, हा त्यामागचा विचार.

१५/
प्रिव्ही कौन्सिलने १९२६ साली इसाराची व्याख्याही पक्की केली : व्यवहार पुरा झाला तर इसार हा किमतीचा भाग, आणि खरेदीदाराच्या चुकीने मोडला तर तो जप्त. सूत्र सुबक होते, पण त्यात विज्ञानेश्वराच्या न्यायाचा अर्धाच भाग होता. गंमत अशी, की उरलेला अर्धा भाग त्याच काळात कोकणाच्या दक्षिण टोकाला जिवंत होता.

१६/
पोर्तुगालची १८६७ ची दिवाणी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. खरेदीविक्रीच्या परस्पर वचनात इसार दिला असेल, तर तो गमावणे किंवा दुपटीने परत करणे हीच नुकसानभरपाई, असे तिच्यात स्पष्ट लिहिले होते. म्हणजे तेरेखोल नदीच्या अलीकडे, ब्रिटिश रत्नागिरी जिल्ह्यातील वेंगुर्ल्यात, फिरलेला विक्रेता इसार परत करून आणि सिद्ध झाली तेवढी भरपाई देऊन मोकळा होई. पलीकडे पेडण्यात त्याला दुप्पट मोजावे लागे. गोवा मुक्त झाल्यावर भारतीय करार कायदा तेथे लागू झाला आणि दुपटीचा तो नियम मागे पडला.

१७/
स्वतंत्र भारतातला निर्णायक खटला फाळणीनंतरच्या दिल्लीत घडला. मार्च १९४९ मध्ये एका बंगल्याचा सौदा १,१२,५०० रुपयांना ठरला. १,००० रुपये इसार दिला, काही दिवसांत आणखी २४,००० दिले आणि खरेदीखत १ जूनपर्यंत व्हायचे ठरले. खरेदीदार चुकल्यास सारे २५,००० जप्त, असे कलम होते. तारीख उलटली. दोन्ही बाजूंनी दोष एकमेकांवर टाकला. विक्रेता सर्व रक्कम ठेवून बसला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

१८/
'फत्तेचंद विरुद्ध बालकिशन दास' या खटल्यात जानेवारी १९६३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल लागला. इसाराचे १,००० विक्रेत्याने ठेवावेत. पण २४,००० हे किमतीचा हप्ता होते, इसार नव्हे. त्यांच्या जप्तीचे कलम दंडाचे ठरते, आणि दंडाला कलम ७४ ची वाजवीपणाची कसोटी लागते. करार मोडल्याने मालमत्तेची किंमत उतरली, असा पुरावा विक्रेत्याने दिला होता काय? नाही. मग मोबदल्याशिवाय दुसऱ्याचा पैसा कशासाठी? आठव्या मुद्द्यातला तो जुना आक्षेप येथे भारतीय कायद्याच्या भाषेत बोलला.

१९/
मात्र खरा इसार असेल तर त्याची जप्ती चालते, हेही न्यायालयाने सोडले नाही. १९६९ साली 'श्री हनुमान कॉटन मिल्स' खटल्यात विमानांच्या भंगाराचा दहा लाखांचा सौदा मोडला आणि २५ टक्के, म्हणजे अडीच लाखांची अनामत खरेदीदाराने गमावली. दोन्ही निकाल एकत्र वाचले, की एक धडा मिळतो. कोणत्या रकमेला 'इसार' म्हटले आहे आणि कोणती रक्कम 'हप्ता' आहे, या एका शब्दावर पैसे परत मिळणे वा न मिळणे अवलंबून असू शकते.

२०/
तोवर मुंबईत 'ओनरशिप फ्लॅट' ही नवी चीज आली होती. घर अजून उभे नाही, पण पैसे आधीच दिलेले. देणारा एक आणि घेणारे शेकडो. तक्रारी वाढल्यावर महाराष्ट्र शासनाने समिती नेमली आणि १९६३ साली मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा, म्हणजे 'मोफा', झाला. लेखी करारनामा बंधनकारक झाला. ठरल्या तारखेला ताबा न मिळाल्यास मागणी करताच रक्कम ९ टक्के सरळ व्याजासह परत करायची, आणि तोपर्यंत तिचा बोजा त्या जमिनीवर व बांधकामावर, असे कलम ८ ने ठरवले. फत्तेचंदचा निकाल आणि हा कायदा एकाच वर्षातले आहेत.

२१/
कायदा चांगला होता, पण वसुलीसाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि घरबांधणी ही 'सेवा' आहे असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा निकाल यांनी ग्राहक मंचाचा दरवाजा उघडला. २०१६ चा 'रेरा' त्याच्या पुढे गेला. नोंदणीकृत करारनाम्यापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताबा लांबला तर ग्राहकापुढे दोन मार्ग : बाहेर पडून सर्व रक्कम व्याजासह परत घेणे, किंवा थांबून विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज घेणे.

२२/
रेरातील एक बारीक तरतूद इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष पाहावी. ग्राहकाने हप्ता चुकवल्यास विकासक ज्या दराने व्याज घेईल, त्याच दराने त्याने स्वतःच्या विलंबाबद्दल ग्राहकाला व्याज दिले पाहिजे. पूर्वीच्या अनेक करारनाम्यांत ग्राहकाच्या उशिराला चढा दर आणि विकासकाच्या उशिराला नाममात्र भरपाई असे. दोन्ही बाजूंना एकच माप लावले, की अंगठीची हरवलेली धार परत आली, असे म्हणण्यास हरकत नाही.

२३/
तरी प्रत्यक्ष पैसे हाती येण्यास किती काळ लागू शकतो? दिल्लीच्या भिकाजी कामा प्लेस येथील एका भूखंडाचा लिलाव १९८२ साली ३.१२ कोटींना झाला आणि बोली जिंकणाऱ्याने २५ टक्के, म्हणजे ७८ लाख भरले. उरलेल्या रकमेच्या मुदतीवरून वर्षे गेली. १९९३ साली दिल्ली विकास प्राधिकरणाने सौदा रद्द करून ७८ लाख जप्त केले, आणि पुढच्याच वर्षी तो भूखंड ११.७८ कोटींना विकला. तोटा कुठे झाला? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये रक्कम ९ टक्के व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. लिलावाला तोवर तेहतीस वर्षे होत आली होती.

२४/
दोन व्यक्तींमधल्या जुन्या घराच्या व्यवहाराला रेरा सहसा लागू होत नाही. तेथे आजही १८७२, १८८२ आणि १९६३ चेच नियम चालतात. म्हणून या इतिहासातून निघणारे व्यवहारज्ञान थोडक्यात :
• इसार किती आणि हप्ता किती, हे इसारपत्रात वेगळे लिहावे.
• विक्रेता चुकल्यास काय, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहावे.
• तारीख टळत असेल तर मुदतवाढ लेखी घ्यावी. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.
• आपण व्यवहारास तयार होतो, याचा कागदी पुरावा ठेवावा.

२५/
• करारपूर्तीचा दावा लावताना इसार परत मिळण्याची पर्यायी मागणीही करावी. १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याचे कलम २२ सांगते, की न मागितलेला परतावा न्यायालय देत नाही. दाव्यात दुरुस्ती करून ती मागणी नंतर घालता मात्र येते.
• करारपूर्तीच्या दाव्याला ठरलेल्या तारखेपासून, आणि तारीख ठरलेली नसेल तर नकार कळल्यापासून, तीन वर्षांची मुदत आहे. नुसते वाट पाहणे महाग पडते.

२६/
घर घेणारा माणूस इसाराच्या वेळी पैशाबरोबर वर्षानुवर्षांची काटकसर दुसऱ्याच्या हाती ठेवतो. म्हणून प्रत्येक काळातल्या कायद्याची पारख या एका प्रश्नावर होते : शब्द मोडल्याची किंमत तो दोघांकडून घेतो, की एकाकडूनच? कल्याणीच्या त्या टीकाकाराने नऊशे वर्षांपूर्वी एका अंगठीवर याचे उत्तर लिहून ठेवले होते. पुढच्या वेळी इसारपत्रावर सही करण्याआधी त्यातले कलम वाचा आणि पाहा, अंगठीला धारा किती आहेत.

(समाप्त)